भिजलेली साडी आणि लाजेचा हिशेब



आज जरा अवघड विषय घेतला आहे. घरात सासरे, दीर किंवा मोठी मुलं बसली असतील तर आवाज थोडा कमी करा, पण रेडिओ बंद करू नका. विषय आहे सिनेमातल्या उघड्या अंगाचा. अंग कुणाचं उघडं पडलं, त्यातून कमाई कुणाची झाली आणि लाज कुणाच्या नावावर लिहिली गेली, याचा शंभर वर्षांचा इतिहास आज सांगणार आहे. आपण बचत गटाच्या बाया आहोत. जमा कुठे आणि नावे कुठे पडलं, हे बघायची आपल्याला सवय आहे. तीच सवय आज सिनेमाला लावून बघू.

सिनेमाकडे जायच्या आधी गावातली एक रोजची गोष्ट घेऊ. सकाळी हापशावर पुरुष माणूस पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर अंघोळ करतो. साबण लावता लावता येणाऱ्या-जाणाऱ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारतो. कुणाला त्यात काही वाटत नाही. ज्या घरात न्हाणीला धड दार नाही, तिथली बाई मात्र अंधारात उठते, साडी अंगावर ठेवूनच पाणी घेते आणि ओल्या साडीवरच दुसरी साडी गुंडाळते. अंग दोघांचंही देवानेच दिलेलं. पण त्याचं अंग म्हणजे नुसतं अंग, आणि तिचं अंग म्हणजे घराची अब्रू. हा फरक इतका अंगवळणी पडला आहे, की तो आपल्याला दिसतच नाही. सिनेमावाल्यांना मात्र तो बरोबर दिसला आणि त्यांनी त्याचा धंदा केला.

तारामती झालेला पुरुष

आपल्या सिनेमाची सुरुवात एका मराठी माणसाने केली, हे तुम्हाला माहीत आहे. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तो मूकपट होता, म्हणजे चित्रं हलायची पण बोलायची नाहीत. फाळक्यांना राणी तारामतीच्या कामासाठी बाई हवी होती. पुष्कळ शोधलं. घरंदाज बाई मिळणं शक्यच नव्हतं, पण शरीर विकून पोट भरणाऱ्या बायांनीही नकार दिला. त्यांनाही सिनेमात दिसणं कमीपणाचं वाटलं. शेवटी एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक हाताचा तरुण त्यांना सापडला आणि तोच तारामती झाला.

यात तेव्हाच्या लोकांना नवल वाटलं नाही. नाटकातही हीच रीत होती. बालगंधर्वांचं नाव आपल्या आजी-पणजीच्या तोंडी असायचं. ते स्टेजवर जशी साडी नेसत, जसे दागिने घालत, तशी फॅशन घराघरांत येई. म्हणजे बघा, घरंदाज बाईने चारचौघांत उभं राहायचं नाही. पण घरंदाज बाईने कसं दिसायचं, हे एका पुरुषाकडे बघून शिकायचं!

फाळक्यांच्या हरिश्चंद्राची जी थोडी रिळं आज उरली आहेत, त्यात एक प्रसंग आहे. तारामती आणि तिच्या सख्या हौदात जलक्रीडा करताहेत आणि राजा तिथे येतो. सगळ्यांच्या साड्या भिजून अंगाला चिकटलेल्या आहेत. त्या सख्या म्हणजे सगळे पुरुषच. आपल्या सिनेमातली ही अगदी सुरुवातीची ओली साडी, आणि ती पुरुषांच्या अंगावर होती.

आता पुढचं ऐका. त्या ओल्या साडीची लाज अण्णा साळुंकेला चिकटली का? नाही. 1917 साली फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये त्याने सीतेचं काम केलं आणि रामाचंही केलं. लोकांनी पडद्यावरच्या त्या रामालाही आणि सीतेलाही हात जोडले. पुढे तो कॅमेऱ्याच्या कामात गेला. बाईच्या वेशात भिजणं हे त्याच्यासाठी काम होतं. काम संपलं, साडी सोडली, माणूस मोकळा झाला.

खऱ्या बाईचं तसं झालं नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या पाठोपाठ फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लहानगी मुलगी कमला मोहिनी झाली. सिनेमात आलेल्या या आपल्याकडच्या पहिल्या बाया. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहून एकटीने मुलीला वाढवत होत्या. पोटासाठी त्यांनी नाटक आणि सिनेमा धरला. अंगभर कपडे घालून, देवीचं काम करूनही त्यांना समाजाने नावं ठेवली. कमला पुढे कमलाबाई गोखले म्हणून नावारूपाला आल्या. अभिनेते विक्रम गोखले हे त्यांचे नातू. सुरुवातीच्या दिवसांतच हिशेब कसा लिहिला गेला, हे इथेच दिसतं. पुरुष ओल्या साडीत आला तरी तो कलावंत, आणि बाई अंगभर साडीत आली तरी ती वाया गेलेली.

कोल्हापूर, 1938

आता पंचवीस वर्षं पुढे येऊ. सिनेमा बोलू लागला होता. कोल्हापूर हे मराठी सिनेमाचं मोठं केंद्र झालं होतं. तिथल्या हंस पिक्चर्सने 1938 मध्ये 'ब्रह्मचारी' काढला. गोष्ट आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या एका तरुणाची ती विनोदी गोष्ट. अत्र्यांनी त्यात व्रतांचं आणि पोकळ संघटनांचं सोंग उघडं पाडलं होतं. त्या तरुणाचं व्रत मोडायला येते ती नायिका, मीनाक्षी शिरोडकर. पाण्यात खेळतानाच्या गाण्यात ती पोहण्याच्या पोशाखात, म्हणजे उघडे हात आणि उघडे पाय अशी दिसली.

गदारोळ उठला. संस्कृती बुडाली, अशी टीका झाली. आणि सिनेमा जोरात चालला. टीका करणारे काही थोडे नव्हते आणि तिकीट काढणारेही थोडे नव्हते. दोन्हीकडे तीच माणसं किती होती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता त्याच कोल्हापुरातली दुसरी गोष्ट. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान तिथे आहे. हजारो माणसं बसतात. समोर लाल मातीत पैलवान फक्त लंगोट लावून उभे राहतात. अंगाला माती, घाम, आणि बाकी सगळं उघडं. लोक त्या अंगाचं कौतुक करतात, शड्डू ठोकला की टाळ्या वाजवतात, फेटे बांधतात. ते योग्यच आहे. ती मेहनतीची कला आहे. कुस्तीला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. पण पोहताना पोहण्याचा पोशाख घालणं हेही तितकंच साधं नाही का? एकाच शहरात पुरुषाचं उघडं अंग म्हणजे ताकद, आणि बाईचे उघडे पाय म्हणजे बुडालेली संस्कृती.

आणखी एक बघा. 'ब्रह्मचारी'ची गोष्ट अत्र्यांनी लिहिली, सिनेमा विनायकरावांनी काढला. तो प्रसंग ठेवायचा की नाही, हे त्यांनी ठरवलं. अत्रे त्यांच्या लेखणीसाठी आठवले जातात, विनायकराव त्यांच्या कामासाठी. मीनाक्षीबाईंनी पुढेही सिनेमात काम केलं, पण त्यांचं नाव निघालं की आजही लोकांना पहिला आठवतो तो पोहण्याचा पोशाख.

कायद्याला काय खुपलं

आता कायद्याचं थोडं. सिनेमा दाखवण्याआधी तपासून घ्यायचा, हा कायदा इंग्रजांनी 1918 मध्ये केला. 1920 पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांत तपासणी मंडळं बसली. इंग्रजांना भीती कशाची होती? 1921 मध्ये 'भक्त विदुर' नावाचा पौराणिक सिनेमा आला. त्यातला विदुर दिसायला गांधीजींसारखा होता, डोक्यावर टोपीही तशीच. मद्रास आणि सिंध भागात त्यावर बंदी आली. 1933 मध्ये 'कर्मा' नावाच्या सिनेमात देविकाराणी आणि हिमांशू राय यांनी पडद्यावर चुंबन घेतलं. ते दोघं खरोखरचे नवरा-बायको होते. तो सिनेमा दाखवला गेला. म्हणजे परक्या सरकारला चुंबनापेक्षा टोपी जास्त झोंबली.

स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये नवा कायदा झाला. तपासणी आपल्याच लोकांच्या हाती आली. आता बाईचं शील हा राष्ट्राचा प्रश्न झाला. चुंबन जवळपास गायबच झालं. उघडं अंग दाखवायचं नाही, असं ठरलं. मग सिनेमावाल्यांनी काय केलं? पाऊस पाडला. धबधबा आणला. नदी आणली. ओल्या साडीत अंगावर कपडे आहेतही आणि नाहीतही. कायदाही सांभाळला जातो आणि तिकीटही विकलं जातं. तुम्ही आठवून बघा, आपल्या सिनेमात नायिका जितकी भिजली, तितका नायक भिजला का? आणि भिजला तरी त्याच्या भिजण्याकडे कॅमेऱ्याने तसं बघितलं का?

दोन अंगं, दोन नावं

1966 मध्ये 'फूल और पत्थर' आला. नायक धर्मेंद्र. त्यात एक प्रसंग आहे. एक म्हातारी भिकारीण थंडीत कुडकुडत झोपली आहे. तो आपला शर्ट काढून तिच्या अंगावर घालतो आणि उघड्या अंगाने पुढे जातो. त्या एका प्रसंगाने धर्मेंद्रला मोठा नायक केलं. लोक त्याला 'ही-मॅन' म्हणू लागले, म्हणजे खरा मर्द. शर्ट काढला आणि इज्जत वाढली.

आता 1978. राज कपूरचा 'सत्यम् शिवम् सुंदरम्'. नायिका झीनत अमान. गोष्ट एका खेड्यातल्या मुलीची. लहानपणी तिचा चेहरा भाजला आहे. नायकाला फक्त सुंदर चेहरा हवा आहे. रूपावर भाळू नका, मन बघा, असा सिनेमाचा उपदेश. आणि कॅमेरा सगळा वेळ बघतो कुठे, तर तोकड्या, ओल्या साडीतल्या अंगाकडे. तोंडाने एक सांगायचं आणि डोळ्यांनी दुसरं करायचं. प्रकरण कोर्टात गेलं. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तपासणी मंडळाचं प्रमाणपत्र घेऊन सिनेमा दाखवला असेल, तर दाखवणाऱ्याला त्या कायद्याचं संरक्षण आहे. निर्माता सुटला. लोकांच्या तोंडी नाव मात्र झीनतचं राहिलं.

मग 1985 मध्ये 'राम तेरी गंगा मैली'. दिग्दर्शक पुन्हा राज कपूर. नायिका नवखी, मंदाकिनी. गोष्ट आपल्याला पटावी अशी आहे. गंगोत्रीकडची एक पहाडी मुलगी. कलकत्त्याचा श्रीमंत मुलगा तिच्याशी लग्न करतो आणि निघून जातो. ती तान्हं बाळ घेऊन त्याला शोधायला निघते. वाटेत जो भेटतो तो तिला फसवतो, शेवटी कोठ्यावर विकतो. पवित्र गंगा पुरुषांनी मैली केली, हे सिनेमा सांगतो. खरंच आहे. पण हे सांगणाऱ्या सिनेमानेच तिला पातळ पांढऱ्या साडीत धबधब्याखाली उभं केलं आणि त्या दृश्यावर तो चालला. इतका चालला, की त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या सिनेमांत गणला गेला. बाळाला अंगावर पाजतानाचं दृश्यही लोकांनी तशाच नजरेने पाहिलं. आपण शेताच्या बांधावर, एसटीत, बाजारात पदराआड बाळाला पाजतो. त्या आईपणालाही सिनेमाने सोडलं नाही.

आता जमा-नावे मांडा. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक, दोन्ही पुरस्कार राज कपूरना मिळाले. पुढे देशाचा सर्वांत मोठा सिनेमाचा सन्मान, दादासाहेब फाळके पुरस्कार, त्यांना मिळाला. ते मोठे कलावंत होते, यात वाद नाही. मंदाकिनीने नंतर बरेच सिनेमे केले आणि दहा-अकरा वर्षांत पडद्यावरून निघून गेली. तिने किती चांगलं काम केलं, हे कुणाला आठवत नाही. ती कायमची 'धबधब्याखालची' राहिली. गल्ला पेटीत गेला आणि लाज तिच्या पदरात.

कुणी म्हणेल, "तिने पैसे घेतले ना? तिला कळत नव्हतं का?" घेतले असतील. आपणही मजुरी घेतो. काम करून पैसे घेणं हा गुन्हा नाही. प्रश्न असा आहे, की लिहिणाऱ्याने पैसे घेतले, कॅमेरा धरणाऱ्याने घेतले, विकणाऱ्याने घेतले आणि बघणाऱ्याने पैसे देऊन पाहिलं. मग बदनामीचा वाटा एकटीलाच का?

विहिरीकडे नेलेली फूलन

आतापर्यंतच्या ओल्या साड्या करमणुकीसाठी होत्या. 1994 च्या एका सिनेमात बाईचं अंग वेगळ्याच कारणासाठी दिसलं. सिनेमा 'बँडिट क्वीन', दिग्दर्शक शेखर कपूर. गोष्ट फूलनदेवीची. फूलन उत्तर प्रदेशातली, मल्लाह म्हणजे नावाड्यांच्या समाजातली, गरिबाघरची मुलगी. लहानपणी लग्न, मारहाण, वरच्या जातीच्या पुरुषांचा अत्याचार, मग डाकूंची टोळी. 1983 मध्ये ती शरण आली आणि अकरा वर्षं तुरुंगात राहिली. सिनेमात एक प्रसंग आहे. गावातले पुरुष तिला भर गावात नग्न करून विहिरीवर पाणी आणायला लावतात. सगळं गाव बघत उभं आहे.

हे दृश्य बघून कुणाच्या मनात वाईट वासना येईल असं मला वाटत नाही. पोटात गोळा येतो. पण ज्या देशात धबधबा पास झाला, तिथे ही विहीर अडकली. सिनेमावर खटला झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचं प्रमाणपत्र रद्द केलं. शेवटी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याचा अर्थ साध्या शब्दांत असा: ही नग्नता बघणाऱ्याला चाळवण्यासाठी नाही. बाईवर काय अत्याचार झाला आणि ती तशी का झाली, हे कळण्यासाठी आहे. तुकडा काढून बघू नका, पूर्ण गोष्ट बघा. सिनेमा मोकळा झाला.

हा निकाल महत्त्वाचा आहे. नग्नता आणि अश्लीलता एकच नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. बाईचं अंग विकायला दाखवणं वेगळं आणि तिच्यावरचा जुलूम दाखवणं वेगळं.

पण मैत्रिणींनो, इथे गोष्ट संपत नाही. खुद्द फूलनदेवी त्या वेळी जिवंत होती. 1994 मध्येच ती तुरुंगातून सुटली होती. तिने स्वतः न्यायालयात धाव घेतली. माझ्यावरचे अत्याचार मला न विचारता पडद्यावर मांडले, अशी तिची तक्रार होती. पुढे पैशांची तडजोड झाली आणि तिने खटला मागे घेतला. पण तिचा प्रश्न राहिलाच. चांगल्या हेतूने का होईना, बाईचं उघडं अंग जगाला दाखवताना त्या बाईला विचारलं का? आपल्या गावात एखाद्या पोरीवर प्रसंग ओढवला की कॅमेरे घेऊन माणसं येतात, न्याय मिळवून देतो म्हणतात. तेव्हा फूलनचा हा प्रश्न आठवत जा.

पडद्यावर फूलन झालेल्या सीमा बिस्वास यांना त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विहिरीच्या त्या दृश्यात त्या स्वतः नव्हत्या, त्यांच्या जागी दुसरी बाई उभी होती. त्या दुसऱ्या बाईचं नाव आपल्यापैकी कुणाला माहीत नाही. तरी बोटं दाखवली गेली ती सीमाताईंकडेच.

रेडिओवाला आणि चित्रकारांसमोर बसणारी

आता अलीकडचं. 2014 मध्ये 'पीके' सिनेमाचं पोस्टर आलं. आमिर खान रेल्वेच्या रुळांवर पूर्ण उघडा उभा, आणि पुढे झाकायला काय, तर एक मोठा ट्रान्झिस्टर! म्हणजे रेडिओच अब्रू राखायला धावला. काही लोकांनी तक्रारी केल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने याचिका फेटाळली. सिनेमात तो दुसऱ्या ग्रहावरून आलेला भाबडा माणूस आहे, त्याला कपडे माहीत नाहीत. लोक हसले, मुलाबाळांसह बघायला गेले. तीनशे कोटींच्या वर कमाई झाली. आमिर खानच्या चारित्र्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि बोलायचं कारणही नव्हतं. पुरुष उघडा आला तर तो भाबडा असू शकतो, विनोदी असू शकतो, शूर असू शकतो. त्याच रुळांवर एखादी नटी तशीच उभी असती, तर ती भाबडी आहे असं किती जणांनी मानलं असतं?

पुढे तीनच वर्षांनी, 2017 मध्ये, एका मराठी सिनेमाची पाळी आली. नाव 'न्यूड', दिग्दर्शक रवी जाधव. नायिका यमुना. नवरा दुसरीच्या नादी लागलेला. ती मुलाला घेऊन मुंबईला आपल्या आक्काकडे येते. आक्का चित्रकलेच्या महाविद्यालयात साफसफाई करते, असं सगळ्यांना वाटतं. खरं तर ती विद्यार्थ्यांसमोर बिनकपड्यांनी स्थिर बसते आणि ते तिच्या अंगाचं चित्र काढतात. माणसाचं शरीर काढायला शिकायचं तर असं शिकावं लागतं, जसं डॉक्टरला हाडं बघून शिकावं लागतं. यमुनाही ते काम धरते. कशासाठी? पोराच्या शिक्षणासाठी. पोराला मात्र ते कळू द्यायचं नाही, कारण कळलं तर तो आईला आई म्हणेल की नाही, याची भीती. कल्याणी मुळे आणि छाया कदम यांनी ही कामं इतकी खरी केली आहेत, की बघताना आपल्याच आळीतल्या बाया वाटतात. तो वर्ग सिनेमात दाखवला आहे. तिथे कुणी शिट्टी मारत नाही. मुलं मान खाली घालून रेघा ओढतात.

गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात भारतीय सिनेमांच्या विभागाची सुरुवात या सिनेमाने व्हावी, असं परीक्षकांनी ठरवलं होतं. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो यादीतून काढला. एक मल्याळम सिनेमाही काढला. परीक्षक मंडळाचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे 'न्यूड'ला मोठ्यांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं आणि एप्रिल 2018 मध्ये तो थिएटरात लागला.

या सगळ्या सिनेमांना एका रांगेत ठेवून बघा. एक गोष्ट लख्ख दिसते. बाईचं अंग गिऱ्हाइकासाठी उघडं असेल, तर आरडाओरडा होतो, पण गाडी पुढे जाते. बाईचं अंग तिची स्वतःची गोष्ट सांगण्यासाठी उघडं असेल, तर वाट अडते. म्हणजे खरी अडचण कापडाची नाहीच. बाईच्या अंगावर हक्क कुणाचा, ही अडचण आहे.

नजर बदलणारी अनसूया

आपल्याकडे दत्तजन्माची कथा घराघरात सांगतात. ब्रह्मा, विष्णू आणि महेश अनसूयेची परीक्षा बघायला भिक्षुक होऊन आले आणि म्हणाले, विवस्त्र होऊन आम्हाला जेवायला वाढ. अतिथीला विन्मुख पाठवता येत नाही, आणि मागणं तर असं. अनसूयेने काय केलं? ती रडली नाही, लपली नाही. तिने त्या तिघांची तान्ही बाळं केली आणि मग त्यांना दूध पाजलं. समोर बघणारे डोळे बाळाचे झाले, तेव्हा लाजेचं कारणच उरलं नाही. आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट किती शहाणपणाने रचली आहे बघा. अंग तेच, बदलली ती नजर.

मला कुणी विचारेल, "म्हणजे ताई, बायांनी कपडे उतरवावेत असं तुमचं म्हणणं आहे का?" नाही. कुणी किती कपडे घालावेत, हे मी सांगत नाही. डोक्यावरचा पदर ज्या बाईला आवडतो, तिने तो जरूर घ्यावा. माझं म्हणणं एवढंच, की एकच मोजमाप दोघांना लावा. पुरुषाला एक माप आणि बाईला दुसरं, अशा तराजूने आपण बाजारात कांदाही विकू देणार नाही.

तुम्ही म्हणाल, सिनेमातल्या बायांचं आम्हाला काय? तर आता कॅमेरा मुंबईत राहिलेला नाही. तो घरातल्या प्रत्येक पोराच्या खिशात आहे. एखादी मुलगी अंघोळ करताना कुणी चोरून फोटो काढतो, कुणी प्रेमाच्या नावाखाली काढून घेतो, कुणी दुसऱ्याच फोटोला तिचं तोंड चिकटवतो आणि तो गावभर फिरतो. मग मुलीचं शिक्षण बंद होतं. घाईने लग्न उरकतात. काही मुली जिवाचं बरंवाईट करून घेतात. आणि फोटो काढणारा? तो पारावर बसलेला असतो. धबधब्याचाच हा हिशेब. फक्त पडदा लहान झाला आहे.

पण कायदा आता याबाबतीत स्पष्ट आहे. बाईचे खासगी क्षण चोरून बघणं, त्यांचे फोटो काढणं किंवा ते पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षांची शिक्षा आहे. तिने फोटो काढू दिला असेल, पण पुढे पाठवायला होकार दिला नसेल, तरीही पाठवणारा गुन्हेगारच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ई खालीही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होतो. तक्रारीसाठी पोलिसांचा 112, महिलांचा 181 आणि सायबर गुन्ह्यांचा 1930, हे क्रमांक गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. आलेला फोटो आणि मेसेज घाबरून पुसू नका, तो पुरावा असतो. आणि पुढे तर मुळीच पाठवू नका. "बघ बाई, काय ही पोरगी" म्हणून आपणही तो पाठवला, तर त्या बाजारात आपणही दुकान मांडलं.

पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं यावर बोला. आधी विचारा, सिनेमात अंग दाखवलेल्या कोणकोणत्या नट्यांची नावं आठवतात? भराभर येतील. मग विचारा, तो सिनेमा काढणाऱ्यांची नावं किती जणींना सांगता येतात? आणि शेवटी विचारा, उद्या आपल्या गावातल्या मुलीचा फोटो फिरला, तर आपण सगळ्या जणी आधी कुणाच्या दारात जाणार? तिच्या दारात, तिला धीर द्यायला. मग तिला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात. एवढं जरी गटात एकमताने ठरलं आणि ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे झाले, तरी गावातल्या मुलींना पुष्कळ आधार होईल.

तुमच्या गटात काय बोलणं झालं, ते आम्हाला जरूर कळवा.